नवा नंबर

"सूज उतरली नाही का? मग आज चालू नका, पाय वर ठेवून बसा," विद्याधर फोनवर सांगत होते.

कुंदा समोरच्या खुर्चीत बसून होती. पर्स अजून खांद्यालाच होती. मुलुंड स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडून रिक्षा पकडून ती थेट घरी आली होती, नवऱ्याला सांगायला. आणि नवरा शर्मिष्ठाताईंच्या गुडघ्यात अडकला होता.

शर्मिष्ठाताई पलीकडच्या विंगमध्ये राहायच्या. विद्याधर रिटायर झाल्यापासून सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन होते. चहाच्या वेळेला ताईंचा फोन ठरलेला.

"अहो," कुंदा म्हणाली.

त्यांनी हात वर केला. थांब.

"छे हो, त्रास कसला? केव्हाही फोन करा तुम्ही."

काय मऊ आवाज! लग्न ठरल्यावर ते तिच्याशी असे बोलायचे. पुढे तो आवाज हरवला तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली होती, वय झालं की पुरुष असेच होतात. पण तो हरवला नव्हता. रोज तिच्यासमोर बसून दुसऱ्यांना वाटला जात होता. इतकी चौकशी होणाऱ्या त्या गुडघ्याचाही आता तिला हेवा वाटत होता.

फोन संपला.

"अहो, मी आज डॉक्टरांकडे..."

पुन्हा रिंग वाजली. गोवंडीचा चुलतभाऊ नंदकुमार. त्याच्या साखरेची चौकशी झाली, मुलीच्या नोकरीची झाली, हसणंखिदळणं झालं. फोन ठेवता ठेवता विद्याधर ग्रुपवर आलेला कसलासा व्हिडिओ बघायला लागले.

"डॉक्टर म्हणाले..."

"हं," ते म्हणाले. मान खालीच. "चहा टाक ना जरा."

कुंदा उठली. स्वयंपाकघरात येऊन तिने पातेलं गॅसवर ठेवलं, पण गॅस पेटवला नाही. प्रश्न एकट्या शर्मिष्ठाताईंचा असता तर तिने भांडून घेतलं असतं. नंदकुमारशी काय भांडणार? त्या व्हिडिओशी काय भांडणार?

तिने पर्समधून स्वतःचा फोन काढला. मुलाने, केयूरने, आठवड्यापूर्वीच तिला नवं सिमकार्ड घालून दिलं होतं. विद्याधरांनी तो नंबर अजून सेव्ह केला नव्हता. तिने त्यांना फोन लावला.

बाहेर रिंग वाजली. दुसरी वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"नमस्कार! बोला, कोण बोलतंय?"

तोच आवाज. तिच्या कानात आला आणि दारातूनही.

"हॅलो? ऐकू येतंय ना? काही अडचण आहे का? घाबरू नका. सावकाश सांगा, मला काही घाई नाही."

कुंदा ओट्याला धरून उभी राहिली. एवढं तर तिला कित्येक वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

"छातीत गाठ आहे," ती म्हणाली. "साधी वाटत नाही म्हणाले. उद्या तपासणीला बोलावलंय. सोबत कुणाला तरी घेऊन या म्हणाले."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुंदा?" विद्याधर घाबऱ्या आवाजात म्हणाले. "अगं, कुठे आहेस तू?"