हिरवी रेघ

"संगणकावरचे हे पहिले साधन फक्त छापील पान सजवते, गुरुजी. दुसऱ्याला प्रत्येक खुणेचा अर्थ सांगावा लागतो, पण मग एकाच फाइलमधून पुस्तकही निघते आणि वेबसाइटही," पुस्तकाची अक्षरजुळणी करणारी केतकी म्हणाली.

"दुसरेच घे." शास्त्रीबुवांनी आपल्या भाष्याची मुद्रणप्रत तिच्यापुढे ठेवली. ती बहुतेक सारी पत्नीने, यमुनाबाईंनी, उतरवली होती. लाल रेघ म्हणजे श्लोक, निळी म्हणजे टीप.

"आणि हिरवी? काकूंची निळी शाई संपली होती की काय?"

शास्त्रीबुवांना ठाऊक नव्हते. त्यांनी पाने उलटली. एका हिरव्या रेघेशेजारी बारीक अक्षरांत लिहिले होते : 'हा अर्थ पटत नाही. लेखन संपले की यांना विचारावे.'

अशा रेघा एकेचाळीस निघाल्या. लिहिताना कोणी मधे बोललेले शास्त्रीबुवांना खपत नसे. लेखन चैत्रात संपले. यमुनाबाई त्याआधीच, माघात गेल्या होत्या.

"या खुणेला काय नाव देऊ, गुरुजी? की वगळू?"

"नको. 'प्रश्न' असे लिही," रेघेवरून बोट फिरवीत ते म्हणाले. "पुस्तकात आणि वेबसाइटवर, दोन्हीकडे दिसू दे. उत्तराची जागा कोरी ठेव."