काठी टाका

वादळात अस्वलांच्या आश्रयस्थानाचं कुंपण पडलं आणि अस्वलीण गावातल्या आलुबुखारांच्या बागेत शिरली. तिला सांभाळणारी झ्लात्का धावत पोचली, तेव्हा अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहून डुलत होती. समोर मितो आजोबा काठीवर रेलून कसेबसे उभे होते. शेजारच्या कोल्योने बंदूक रोखली. “सरक, झ्लात्का, ती झडप घालतेय!” “आंधळ्या, ती नाचतेय!” आश्रयस्थानात येण्याआधी एका अस्वलवाल्याने तिला वर्षानुवर्षं बाजारात काठीच्या धाकाने असंच नाचवलं होतं; काठी दिसते तोवर पुढचे पाय टेकायची तिची छाती नव्हती. “आजोबा, काठी टाका!” “टाकली तर पडेन, पोरी!” “मग पडा!” शिवी हासडून आजोबांनी काठी गवतात भिरकावली. ते कोसळले. अस्वलीण चार पायांवर आली आणि त्यांच्याकडे न बघता पडलेली फळं खाऊ लागली. कोल्योची बंदूक खाली आली. “माझी काठी?” आजोबा पुटपुटले. झ्लात्काने काठी गवतातच राहू दिली आणि आधाराला हात पुढे केला.