पाणी गाळायचं कापड

मशीनखाली पुन्हा तळं साचलेलं बघून श्रेणिक बायकोवर कडाडला, "उद्या डिशवॉशर परत जाणार. आईनं जन्मभर हातानं भांडी घासली, तुलाच काय धाड भरलीय?" आदितीनं ओढणी खोचली, नळ बंद केला आणि पाइप फिरवून सोडवला. जोडात पांढरं कापड कोंबलेलं होतं, सासूबाईंचं पाणी गाळायचं. त्यामुळंच पाइप घट्ट बसत नव्हता. हा मशीन घालवायचा डाव समजून तिचं डोकं फिरलं. ओलं कापड तिनं सासूबाईंपुढं धरलं. "व्हय, मीच घातलंय," त्या म्हणाल्या. "जैनाच्या घरात न गाळलेलं पाणी भांड्यालाबी चालत न्हाय. पण मशीन जाणार न्हाय. जन्मभर घासली, ती काय हौस म्हणून?" त्यांनी कापड पिळून लेकाच्या हातात दिलं. "गच्चीवर चढ. टाकीच्या तोंडाला बांध. रोज धुऊन बांधायचं. कंटाळा येईल त्या दिवशी भांडी घास."