चाकांवरचं घर

मिनेसोटातल्या त्या वस्तीत घरं ज्याची त्याची होती, खालची जमीन मात्र मालकाची, आणि ती त्याने विकायला काढली होती. खरेदीदार कंपनीचा ब्रेंट तिथे राहणाऱ्या आर्डिसबाईंच्या दारातच गाडी लावून उतरला.

"आजी, आता जागेचं भाडं दुप्पट होणार. परवडत नसेल तर घर हलवा. चाकांवरचं आहे ना?"

"होतं. टायरांत आता टोमॅटो लावलेत. आणि आमच्या म्हाताऱ्याने ते वादळाच्या भीतीने जमिनीला असं आवळून ठेवलंय, की उचलायला गेलास तर सोबत जिल्हा येईल."

ब्रेंट हसला. "मग भाडं भरा."

"भरणारच. पण तुम्हाला नाही. जमीन विकत घ्यायचा पहिला हक्क आम्हा भाडेकरूंचा. चर्चच्या तळघरात जेवता जेवता, मिळून घेऊ म्हणून सगळ्यांनी हात वर केले. शेजारच्या ऑलीने तर दोन्ही, एक खाली घ्यायला लावला. बँक कर्जाला हो म्हणाली, मालकाने आज सकाळी सही केली. तुला कोणी सांगितलं नाही वाटतं."

ब्रेंटचं हसू जागच्या जागी राहिलं. आर्डिसबाईंनी पिकलेला एक टोमॅटो तोडून त्याच्या हातात ठेवला.

"ही जागा फक्त रहिवाशांच्या गाड्यांची आहे, बाळा. तुझ्या गाडीला चाकं आहेत ना? मग हलव."