एकाच हाताचा टाका

मी नगरपालिकेच्या सभेचा कारकून. पंधरा वर्षं प्रत्येक ठरावावर 'सर्वानुमते मंजूर' हा रबरी शिक्का मारत आलो. बायकांसाठी जागा राखीव झाल्यानंतरच्या पहिल्या सभेतही नळयोजनेच्या ठेक्यासाठी शाईचं पॅड उघडूनच बसलो होतो. धुळे, जळगाव, शिंदखेडा अशा तीन गावांच्या ठेकेदारांची कापडात शिवलेली टेंडरं टेबलावर आली. अध्यक्षांनी कात्री उचलली, तोच गोधड्या शिवणाऱ्या नव्या नगरसेविका झुंबरबाई उठल्या. तिन्ही शिवणींवरून बोट फिरवून मोठ्यानं म्हणाल्या, "ठेकेदार तीन, पन टाका एकच हातना शे!" अध्यक्ष ओरडले, "बाई, खाली बसा!" त्या बसल्या नाहीत. तडक माझ्या टेबलाशी आल्या, उघड्या पॅडवर अंगठा दाबत म्हणाल्या, "लिखा भाऊ, मना विरोध शे." शिक्का खणात टाकून मी पेन उघडलं.