पडद्यामागून

अमेरिकेच्या निवडणुकीची आमच्या येमेनी गावात सगळ्यांत जास्त वाट मीच पाहत होतो. शेजारचा मुस्लेह चिडवायचा, "अबू शाये, तिकडे तुझं मत आहे की काय?"

निकाल लागला आणि मागच्या वेळचाच बातमीदार घरी आला. "काका, नव्या अध्यक्षाबद्दल काय वाटतं?"

"सांगतो. पण मागच्या निवडणुकीला माझी बायको पडद्यामागून बोलली होती. ते अजून आहे तुझ्याकडे?"

आमच्याकडे बायकांचे फोटो काढत नाहीत. ती गेल्यावर माझ्याजवळ तिचं काहीच उरलं नव्हतं.

त्यानं फोनमध्ये शोधून काढलं. तिचा आवाज आला, "हा नवा माणूस बरा दिसतो. आता तरी आकाशातून काही पडायचं नाही. तू आधी चहा घे रे बाबा, गार होतोय."

मी पुन्हा पुन्हा ऐकलं. शेजारी येऊन बसलेल्या मुस्लेहनं मान खाली घातली. ड्रोननं तिचं माहेरचं घर पाडलं, तेव्हा ढिगाऱ्यातून तिला आम्ही दोघांनीच काढलं होतं.

बातमीदार हळूच म्हणाला, "काका, आणि ह्या नव्या अध्यक्षाबद्दल?"

मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"ह्या घरात अध्यक्षांना बरं म्हणणारी एकच होती."