कस्तुराचं उत्तर

रानातल्या एकाही फोटोत मृदुलाचा आवाज नाही, हे दामोदरला तिच्या तेराव्याच्या दिवशी कळलं.

मेहुणी शैला म्हणाली होती, "भाऊजी, आंबोलीचे फोटो लावा. ताईचा आवाज तरी ऐकू."

हल्ली फोटोबरोबर आजूबाजूचे आवाजही टिपले जात. भिंतीवर ओलं रान उभं राहिलं. ओढा वाजला, बेडूक ओरडले. मृदुला ऐकू आली नाही.

"ताई आणि गप्प? स्वतःच्या लग्नात भटजींना बोलू दिलं नव्हतं तिने!"

दामोदरला हसू आलं आणि मग आठवलं. रानात माणसाचा आवाज नको, म्हणून कॅमेरा घेतला त्याच दिवशी दोघांनी त्याला आपापले आवाज ओळखायला शिकवले होते. बोलणं, खोकणं, शिट्या, तो सगळं गाळून टाके.

"परत आणता येईल ना?"

"नाही. ते साठवलेलंच नाही."

पुढचा फोटो शीळकरी कस्तुराचा होता. पक्ष्याने शीळ घातली. मग काही क्षण नुसता ओढा वाजला. मग पुन्हा शीळ आली, आधीपेक्षा लांबलेली.

"हा मधेच का थांबतो?" शैलाने विचारलं.

"तिची शीळ ऐकायला. दोघांचं असंच चालायचं. मी तिला हळू घाल म्हणायचो."

त्यांनी तो फोटो पुन्हा पुन्हा लावला, दिवेलागणीपर्यंत.

कॅमेरा मृदुलाचा आवाज आजही ओळखतो. त्याला तो विसरायला लावायचं काम दामोदरकडून अजून झालेलं नाही.